ओझोनचा थर विरळ कसा झाला? (आणि त्यात तुमच्या एसीचा काय संबंध?)

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या बेडरूममधला दहा-अकरा वर्षं जुना एसी थंड हवा देईनासा झाला म्हणून मेकॅनिकला बोलावलं. मुलगा चटपटीत होता. बाल्कनीत जाऊन त्याने आउटडोअर युनिटचं झाकण काढलं, पाना फिरवला आणि ‘स्सss’ असा लांबलचक आवाज यायला लागला.

"दादा, हे काय करताय?" मी विचारलं.

"काही नाही सर, जुना गॅस खराब झालाय. सोडून देतो आणि नवीन भरतो."

आवाज थांबेपर्यंत मी युनिटच्या बाजूचं स्टिकर वाचत उभा होतो. त्यावर छापलं होतं: आर-२२, १.१ किलो. शाळेत भूगोलाच्या पेपरात ‘ओझोन थराचा ऱ्हास, टिपा लिहा’ या प्रश्नाला चार मार्कांसाठी जे लिहिलं होतं, ते अचानक माझ्याच बाल्कनीत घडत होतं. आणि खरं सांगायचं तर त्या चार मार्कांच्या पलीकडे मला फारसं काही माहीत नव्हतं. त्यानंतर जे वाचलं, समजून घेतलं, ते या लेखात सांगतोय. वाटेत तुमच्या घरातल्या एसी-फ्रीजबद्दल काही कामाच्या गोष्टीही येतील.

ओझोन म्हणजे नक्की काय?

आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. ओझोनच्या रेणूत तीन. बास, एवढाच फरक. पण हा तिसरा अणू फार अस्थिर असतो, कोणाला तरी चिकटायला टपलेला. त्यामुळे ओझोन हा तिखट वासाचा आणि जवळून घेतला तर विषारी वायू आहे. जुन्या झेरॉक्सच्या दुकानात मशीन दिवसभर चालल्यावर जो एक विचित्र, उग्र वास यायचा, त्यात ओझोन असायचा. बाझल शहरातल्या शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८३९-४० च्या सुमारास हा वायू ओळखला आणि ‘वास येणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिलं.

हाच वायू जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असला की आपला रक्षक होतो. वातावरणातला जवळजवळ ९० टक्के ओझोन त्या वरच्या भागात, म्हणजे स्थितांबरात आहे. ‘थर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेसारखं काहीतरी जाड आवरण येतं. तसं काही नाही. जिथे ओझोन सर्वांत दाट असतो तिथेही हवेच्या दहा लाख रेणूंमध्ये त्याचे रेणू दहासुद्धा भरत नाहीत. तुमच्या डोक्यावरच्या हवेतला सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश तापमानाला आणला, तर त्याची जाडी भरेल सुमारे ३ मिलिमीटर. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, तेवढी!

ही जाडी मोजायला डॉब्सन नावाचं एकक वापरतात. १०० डॉब्सन म्हणजे १ मिलिमीटर. जगाची सरासरी ३०० च्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हे तीन मिलिमीटर करतात काय? सूर्यापासून येणाऱ्या अतिनील किरणांचे तीन प्रकार आहेत. सर्वांत घातक यूव्ही-सी. पाण्याच्या फिल्टरमध्ये जंतू मारायला जो दिवा असतो, त्यातले किरण याच जातीचे. ते वरच्या वर पूर्ण अडवले जातात. मधले यूव्ही-बी, ज्यांनी त्वचा भाजते, त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांचा धोका वाढतो आणि पिकांवरही परिणाम होतो. त्यातले बहुतेक ओझोन अडवतो, थोडे खाली येतात. तिसरे यूव्ही-ए, ते ओझोनला फारसे दाद देत नाहीत आणि जवळपास सगळेच खाली पोचतात. म्हणजे ओझोन विरळ झाला तर खरा प्रश्न येतो तो यूव्ही-बीचा.

टाकी, नळ आणि गळती

बऱ्याच जणांना वाटतं की ओझोन म्हणजे पृथ्वीला एकदाच मिळालेला साठा आहे आणि आपण तो संपवतोय. हे चूक आहे. ओझोन रोज तयार होतो आणि रोज मोडतोही. १९३० मध्ये सिडनी चॅपमन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हे गणित मांडलं. वरच्या हवेत अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात. सुटा झालेला अणू दुसऱ्या ऑक्सिजनच्या रेणूला जाऊन चिकटतो, ओझोन तयार. मग दुसरा किरण येऊन त्या ओझोनला फोडतो आणि त्या खटाटोपात किरणाची ऊर्जा खर्ची पडते. तेच आपलं संरक्षण.

सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वरून नळ चालू आहे, खालून वापर चालू आहे, पाण्याची पातळी एका जागी स्थिर आहे. आता खालच्या पाइपला एक बारीक चीर पडली. नळ तेवढाच आहे, पण गळती वाढली. पातळी हळूहळू खाली जाणार. ओझोनचं नेमकं हेच झालं. नळ कोणी बंद केला नाही, गळती वाढली. आणि म्हणूनच चीर बुजवली तर टाकी आपोआप पुन्हा भरते. या विषयात आशेला जागा आहे ती या एका गोष्टीमुळे.

चांगल्या हेतूने केलेला शोध

ही चीर पाडली कोणी? याचं उत्तर थोडं गमतीशीर आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेत घरगुती फ्रीज यायला लागले होते. त्यात अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असे वायू असायचे. गळती झाली की माणसं दगावायची. तेव्हा जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली या इंजिनिअरने १९२८ मध्ये एक नवं रसायन पुढे आणलं. ते पेटत नाही, विषारी नाही, वास नाही, गंज धरत नाही. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत त्याने ते छातीत भरून घेतलं आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. विषारी नाही आणि पेटतही नाही, दोन्ही एका फुंकरीत सिद्ध. हेच फ्रिऑन, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, थोडक्यात सीएफसी. (पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याची कल्पनाही याच माणसाची. एकाच माणसाच्या नावावर असे दोन शोध!)

त्या काळात सीएफसी हे वरदान होतं यात शंका नाही. फ्रीज, गाडीचा एसी, डिओचे आणि रंगाचे स्प्रे, गाद्यांचा फोम, दम्याचे पंप, सगळीकडे ते शिरलं. आपल्या विषयाच्या जवळचं सांगायचं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात सोल्डरिंग झाल्यावर सर्किट बोर्ड धुवायलाही सीएफसी-११३ वापरायचे. कॉम्प्युटर रूममधल्या आगविरोधी यंत्रणेत हॅलॉन असायचा, तो सीएफसीचा चुलतभाऊ आणि ओझोनच्या बाबतीत त्याहून वाईट, कारण त्यात ब्रोमिन असतं.

सीएफसीचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते कशाशीच अभिक्रिया करत नाही. आणि सर्वांत मोठा दोषही तोच. पावसात धुतलं जात नाही, समुद्रात विरघळत नाही, कुजत नाही. मग जातं कुठे? १९७१ मध्ये जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाने स्वतः बनवलेलं अतिसंवेदनशील उपकरण जहाजावर नेलं आणि अटलांटिक महासागरावर, वस्तीपासून शेकडो किलोमीटर दूरही, हवेत सीएफसी-११ सापडलं. म्हणजे जेवढं सोडलं जात होतं ते हवेतच साठत होतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या विभागात शेरवूड रोलंड आणि मेक्सिकोहून आलेला तरुण संशोधक मारियो मोलिना यांनी पुढचा प्रश्न विचारला: याचं शेवटी होतं काय? उत्तर त्यांनी जून १९७४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापलं. सीएफसी हळूहळू स्थितांबरात पोचतं. तिथे अतिनील किरण त्याला फोडतात आणि क्लोरिनचा अणू मोकळा होतो. हा क्लोरिन ओझोनचा एक ऑक्सिजन पळवतो आणि क्लोरिन मोनॉक्साइड बनतो. मग एक सुटा ऑक्सिजन अणू येऊन तो चोरलेला ऑक्सिजन घेऊन जातो आणि क्लोरिन पुन्हा मोकळा. म्हणजे चोर पकडला, लगेच जामिनावर सुटला, पुन्हा चोरीला हजर. असा एक अणू निष्प्रभ होण्याआधी सुमारे एक लाख ओझोन रेणू मोडू शकतो.

यावर उद्योगांनी जोरदार विरोध केला, आणि तो अगदी अनपेक्षित नव्हता, कारण तेव्हा हे सगळं गणितावर होतं. आकाशात कोणी ऱ्हास बघितला नव्हता. तरी १९७८ मध्ये अमेरिकेने स्प्रेच्या डब्यांमधल्या बहुतेक सीएफसीवर बंदी घातली. मग विषय थोडा थंडावला.

अंटार्क्टिकात काय दिसलं

अंटार्क्टिकावर हॅली बे इथे ब्रिटिशांचं एक संशोधन केंद्र आहे. तिथे १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून डॉब्सन यंत्राने ओझोन मोजत होते. वर्षानुवर्षं तेच काम. कंटाळवाणं, निधी कापला जाण्याच्या कायम भीतीतलं. १९८० च्या आसपास ऑक्टोबर महिन्यातले आकडे घसरायला लागले. जो फार्मन यांना आधी वाटलं यंत्र बिघडलं असेल, म्हणून दुसरं यंत्र मागवलं. तेही तेच सांगत होतं. मे १९८५ मध्ये फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी निष्कर्ष छापले: एकेकाळी ऑक्टोबरमध्ये ३०० च्या आसपास असणारा ओझोन २०० डॉब्सनच्या खाली आला होता.

मग प्रश्न आला की नासाचा निम्बस-७ उपग्रह १९७८ पासून वरून बघत होता, त्याला हे दिसलं कसं नाही? याची एक प्रसिद्ध दंतकथा आहे की संगणकाने ते आकडे फेकून दिले. खरं तसं नाही. १८० डॉब्सनच्या खालचं मोजमाप ‘संशयास्पद’ म्हणून बाजूला चिन्हांकित व्हायचं, कारण एवढा कमी ओझोन असूच शकत नाही असं सगळे धरून चालले होते. डेटा जागेवरच होता. तो तपासून नासाच्या गटातल्या पवन भारतिया या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने ऑगस्ट १९८५ मध्ये प्राग इथल्या परिषदेत नकाशा दाखवला. अख्ख्या खंडावर पसरलेला विरळ भाग त्यात स्पष्ट दिसत होता. सॉफ्टवेअरमध्ये ‘अशक्य’ म्हणून मर्यादा टाकताना आपण काय गृहीत धरतोय याचं यापेक्षा महागडं उदाहरण मला तरी माहीत नाही.

इथे एक स्पष्ट करायला हवं. ‘भोक’ हा शब्द थोडा फसवा आहे. तिथे आरपार खड्डा नसतो. २२० डॉब्सनपेक्षा कमी ओझोन असलेल्या भागाला ओझोन छिद्र म्हणायचं असा संकेत आहे, कारण १९७९ पूर्वी अंटार्क्टिकावर एवढे कमी आकडे मिळालेच नव्हते. आणि ते कायमचं नसतं. दर वर्षी ऑगस्टमध्ये उघडायला लागतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सर्वांत मोठं होतं आणि डिसेंबरपर्यंत भरून येतं.

पण अंटार्क्टिकाच का? तिथे ना फ्रीजचे कारखाने ना गाड्या. कारण आहे थंडी. हिवाळ्यात तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही आणि ध्रुवाभोवती वाऱ्यांचा एक भोवरा तयार होतो, जो आतली हवा बाहेरच्या हवेत मिसळू देत नाही. आत तापमान उणे ७८ अंशांच्या खाली उतरलं की एरवी कोरड्या असणाऱ्या स्थितांबरातही ढग तयार होतात. एरवी क्लोरिन हा हायड्रोजन क्लोराइडसारख्या शांत संयुगांत कोंडलेला असतो. या ढगांच्या कणांच्या पृष्ठभागावर ती संयुगं एकमेकांशी भिडतात आणि क्लोरिन सुटा होतो. अंधारात तो जमून राहतो आणि सप्टेंबरमध्ये पहिलं ऊन पडलं की एकदम कामाला लागतो. सुझन सोलोमन यांनी ही कल्पना मांडली आणि १९८६ मध्ये त्या स्वतः अंटार्क्टिकाला मोजमापं घ्यायला गेल्या. १९८७ मध्ये चिलीतल्या पुंता अरेनासहून विमानं थेट त्या हवेत पाठवली. क्लोरिन मोनॉक्साइड जिथे वाढत होता, नेमका तिथेच ओझोन खाली जात होता. त्या आलेखानंतर वाद जवळजवळ संपला. १९९५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मोलिना, रोलंड आणि पॉल क्रुटझेन यांना मिळालं.

आपल्या डोक्यावर काय स्थिती आहे?

आमच्या सोसायटीतले एक काका दर मे महिन्यात म्हणतात, "ओझोनला भोक पडलंय ना, म्हणून एवढं उकडतंय!" काकांचा मान राखून सांगतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उकाडा वाढतोय तो प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायूंनी उष्णता अडकवल्यामुळे. ओझोन विरळ झाल्याने वाढतात ते अतिनील किरण. दोन्हींना जोडणारा दुवा एकच, आणि तो पुढे येईल.

महाराष्ट्रावर ओझोनचं छिद्र कधी नव्हतं. विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात ओझोन मुळातच कमी असतो, पुण्या-मुंबईवर साधारण २५०-२८० डॉब्सन, कारण तो इथे तयार होतो आणि वरचे वारे त्याला ध्रुवांकडे वाहून नेतात. त्यात सूर्य डोक्यावर. म्हणून छिद्र नसतानाही उन्हाळ्यातल्या दुपारी आपल्याकडे यूव्ही निर्देशांक ११ च्या वर जातो, म्हणजे सर्वांत वरची पायरी. टोपी-गॉगलला पर्याय नाही, सीएफसी असो वा नसो.

आणि यात पुण्याचा एक वाटा आहे जो फार कमी लोकांना माहीत असतो. हवामान खात्याच्या पुण्यातल्या उपकरण विभागात ॲना मणी यांनी १९६० च्या दशकात भारतीय बनावटीचं ओझोनसाँड विकसित करण्याचं काम केलं. हे छोटं उपकरण फुग्याला बांधून सोडतात आणि ते वर जाताजाता प्रत्येक उंचीवरचा ओझोन मोजून रेडिओने खाली कळवतं. आयात परवडत नव्हती त्या काळात हे इथे बनलं. पुढे पुणे, दिल्ली, तिरुवनंतपुरमबरोबर अंटार्क्टिकावरच्या भारतीय केंद्रातूनही अशी मोजमापं झाली.

करार, आणि तो चालला कसा

१६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करार झाला (म्हणून तो दिवस ओझोन दिन). पहिल्या मसुद्यात सीएफसी फक्त निम्म्याने कमी करायचं होतं. पुढे १९९० मध्ये लंडनला आणि १९९२ मध्ये कोपनहेगनला ते पूर्ण बंद करण्यापर्यंत गाडी गेली. सर्वांत मोठा उत्पादक असलेल्या ड्यूपाँटने, जिने आधी विरोध केला होता, १९८८ मध्ये उत्पादन थांबवण्याची घोषणा केली.

भारताने लगेच सही केली नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं. आपला दरडोई वापर नगण्य होता, घाण श्रीमंत देशांनी केलेली, आणि नवं तंत्रज्ञान त्यांच्याकडूनच विकत घ्यायचं? १९९० च्या लंडन बैठकीत मनेका गांधी यांच्या नेतृत्वाखालच्या शिष्टमंडळाने हाच मुद्दा लावून धरला. त्या बैठकीत विकसनशील देशांसाठी वेगळा निधी उभा करायचं ठरलं आणि १९९२ मध्ये भारत करारात आला. १ जानेवारी २०१० पासून आपल्याकडे सीएफसी, हॅलॉन आणि कार्बन टेट्राक्लोराइड, मोजके अपवाद सोडता, बंद झालं. संयुक्त राष्ट्रांचा जगातल्या प्रत्येक देशाने मान्य केलेला हा पहिला करार.

करार झाला म्हणजे सगळे सरळ वागले असं नाही. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना हवेच्या नमुन्यांत दिसलं की सीएफसी-११ जेवढ्या वेगाने कमी व्हायला हवं तेवढं होत नाहीये. कोणीतरी, कुठेतरी, नव्याने सोडत होतं. कोरिया आणि जपानमधल्या हवा मोजणाऱ्या केंद्रांवर वाऱ्याची दिशा बघून माग काढला तेव्हा बोट पूर्व चीनकडे गेलं, मुख्यतः शानडाँग आणि हबेई प्रांतांकडे. फोम बनवण्यासाठी चोरून वापर चालू असावा असा अंदाज होता. बोभाटा झाल्यावर ते उत्सर्जन २०१९ पर्यंत खाली आलं. हवेत चोरी लपत नाही ती अशी.

नासाच्या एका गटाने संगणकावर ‘करार झालाच नसता तर’ असं जग चालवून बघितलं. त्यात २०६५ पर्यंत जगातला दोन तृतीयांश ओझोन गेलेला होता, फक्त ध्रुवावर नाही, सगळीकडे.

प्रत्यक्षात काय झालं? सप्टेंबर २००० मध्ये छिद्र सुमारे २ कोटी ९९ लाख चौरस किलोमीटरवर गेलं, म्हणजे भारताच्या नऊपट. तिथून सुधारणा आहे, पण सरळ रेषेत नाही. २०१९ मध्ये ते फार लहान होतं, तेही मुख्यतः त्या वर्षी वरची हवा अचानक तापल्यामुळे. पुढची काही वर्षं पुन्हा मोठं. वर्षावर्षाचे मथळे वाचून निष्कर्ष काढू नका. तज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे १९८० च्या पातळीवर यायला अंटार्क्टिकाला साधारण २०६६ उजाडेल, उत्तर ध्रुवाला २०४५ आणि बाकी जगाला २०४०. एवढा वेळ का, तर सीएफसी-१२ हवेत सुमारे शंभर वर्षं टिकतं. माझ्या आजोबांच्या फ्रीजमधला गॅस अजून वर फिरतोय.

आता स्टिकर वाचूया

जुन्या, २००० च्या आसपासच्या किंवा आधीच्या फ्रीजवर आर-१२ दिसला तर ते अस्सल सीएफसी. त्याला पर्याय म्हणून एसीत आला आर-२२, म्हणजे एचसीएफसी. ओझोनला त्याचा त्रास सीएफसी-११ च्या जेमतेम ५-६ टक्के, पण शून्य नाही. ठरलेल्या आराखड्यानुसार भारतात नवीन उपकरणं बनवताना एचसीएफसी वापरायची मुदत २०२४ अखेर संपली. जुन्या एसीच्या दुरुस्तीसाठी तो अजून मिळतो, पण पुढे दुर्मीळ आणि महाग होत जाणार.

त्यानंतर आले एचएफसी: फ्रीज आणि गाड्यांत आर-१३४ए, एसीत आर-४१०ए आणि आर-३२. यांत क्लोरिनच नाही, ओझोनला धोका नाही. पण हे उष्णता जबरदस्त अडकवतात, आणि काकांना हवा असलेला दुवा इथे आहे. वजनाला वजन धरलं तर आर-४१०ए कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २,००० पट, आर-३२ सुमारे ६७५ पट. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे याच मॉन्ट्रियल करारात एचएफसीही घातले गेले. भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, आपली कपात २०३२ पासून सुरू होईल. आजच्या घरगुती फ्रीजमध्ये दिसणारा आर-६००ए आणि काही एसींमधला आर-२९० म्हणजे अनुक्रमे आयसोब्युटेन आणि प्रोपेन, ओझोन आणि हवामान दोन्हींना जवळजवळ निरुपद्रवी, मात्र ज्वलनशील. गोदरेजने २०१२ मध्ये भारतात आर-२९० वर चालणारा एसी आणला होता.

आता माझ्या बाल्कनीतला हिशेब. आर-२२ सुद्धा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट. एक किलो सोडला म्हणजे अंदाजे ७८० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. ४५ चं ॲव्हरेज देणारी स्कूटर ३५ हजार किलोमीटर चालवल्यावर जेवढा धूर होईल तेवढा, त्या एका ‘स्सss’मध्ये. ओझोनचं नुकसान वेगळं.

आणि तो मुलगा म्हणाला ते साफ चूक होतं. गॅस जुना होत नाही, खराब होत नाही, पेट्रोलसारखा संपतही नाही. बंद नळीत तो तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस दोन-चार महिन्यांत पुन्हा जाणार, आणि तुम्ही पुन्हा पैसे देणार. मेकॅनिकला विचारा: गळती तपासणार का (नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या पाण्याने)? उरलेला गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचं यंत्र आहे का? भरण्याआधी व्हॅक्यूम पंप लावणार का? तिसऱ्या प्रश्नाला "गरज नाही" असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या. आणखी एक: आर-२२ च्या एसीत ‘स्वस्तातला, जास्त थंड’ म्हणून कोणी हायड्रोकार्बन गॅस भरू पाहत असेल तर भरू देऊ नका. ते यंत्र ज्वलनशील गॅससाठी बनवलेलं नसतं.

तसंच ‘ओझोनने खोलीची हवा शुद्ध करा’ अशा जाहिराती येतात. जंतू मारण्याइतका ओझोन खोलीत असेल तर तो तुमच्या फुप्फुसांनाही सोडणार नाही. वर हवा तो वायू खाली नको, एवढं साधं आहे.

पुढचा प्रश्न: उपग्रह

टेक वेबसाइट असल्याने हे सांगायलाच हवं. इंटरनेट देणारे हजारो छोटे उपग्रह वर जाताहेत आणि पाचेक वर्षांनी ते वातावरणात जळून जातात. जळताना त्यांच्या ॲल्युमिनियमचे ऑक्साइड कण बनतात. २०२४ च्या एका अभ्यासात २५० किलोच्या उपग्रहापासून असे सुमारे ३० किलो सूक्ष्म कण तयार होतात असा अंदाज मांडला आहे. असे कण क्लोरिनला त्या ध्रुवीय ढगांसारखाच पृष्ठभाग देऊ शकतात. घन इंधनाच्या रॉकेटच्या धुरात तर थेट हायड्रोजन क्लोराइड असतं. आजचं प्रमाण लहान आहे, पण वाढीचा वेग बघता मला १९७४ सालची आठवण होते. मॉन्ट्रियल करारात यासाठी आज काहीही तरतूद नाही.

माझ्या एसीचं काय झालं? दुसऱ्या मेकॅनिकने साबणाचं पाणी लावून दहा मिनिटांत एका नटपाशी बुडबुडे दाखवले. नट बदलला, व्हॅक्यूम केलं, गॅस भरला; त्यानंतर वर्षभर एसी नीट चालला. आता कॉम्प्रेसर कुरकुरतोय आणि नवीन घ्यायचाय. जुन्यासाठी भंगारवाल्याला फोन केला. आतल्या गॅसचं काय करणार, असं विचारलं तर तो म्हणाला, "त्यात काय, तांब्याची नळी कापली की झालं." परवानाधारक ई-कचरा केंद्र शोधलं, तर त्यांच्याकडे गॅस काढायचं यंत्र आहे, पण एका एसीसाठी गाडी पाठवत नाहीत. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. आतापर्यंत तीन घरांनी हात वर केलेत, त्यात काकांचंही आहे. पाच झाले की गाडी येईल.